यॉर्कशर पुडिंगचे पीठ : अंडी किती, मुरवायचे किती, तेल तापवायचे किती

वाफारा (धागाकर्ती)

इंग्लंडच्या उत्तरेला, यॉर्कशरमधील लीड्स शहरात मी गेली चौदा वर्षे राहते. येथे रविवारी दुपारच्या जेवणात भाजलेले मांस, बटाटे आणि भाज्या यांच्या शेजारी कडेने तपकिरी, कुरकुरीत आणि मधोमध खोलगट असा एक द्रोण वाढलेला असतो, त्यालाच यॉर्कशर पुडिंग म्हणतात. नावात पुडिंग असले तरी ते गोड नसते. मैदा, अंडी, दूध आणि मीठ एवढ्याच जिनसांचे सरसरीत पीठ कडकडीत तापलेल्या चरबीत किंवा तेलात ओतायचे आणि तापलेल्या ओव्हनमध्ये भाजायचे, एवढीच त्याची कृती आहे. जिन्नस इतके थोडे असल्यामुळेच त्यातल्या प्रत्येकाचे प्रमाण चुकले की लगेच दिसते. या धाग्यावर मला मुख्यतः त्याच्या पिठाविषयी लिहायचे आहे. गोंधळ नको म्हणून कोरड्या पिठाला मी मैदाच म्हणेन, आणि ‘पीठ’ हा शब्द आपण डोशाचे पीठ म्हणतो त्या अर्थाने, भिजवलेल्या पातळ पिठासाठी वापरेन.

येथे आल्यावर पहिली दोन वर्षे माझ्या पुडिंगांच्या जाड, चिवट चकत्या होत असत. एका रविवारी शेजारच्या आजींना मी त्या दाखवल्या. त्यांनी चव घेतली नाही, आधी माझ्या मैद्याची पिशवी मागितली, चष्मा लावून तिच्यावरचा मजकूर वाचला आणि पिशवी बाजूला ठेवली. तो सेल्फ रेझिंग मैदा होता, म्हणजे ज्यात बेकिंग पावडर आधीच मिसळलेली असते तो. पदार्थ फुगायला हवा आहे, तर फुगवणारा मैदा घ्यावा, असा सरळ विचार मी केला होता. आजींनी तेव्हा जे समजावले, त्यावर माझी पुढची सगळी पुडिंगे उभी आहेत: हा पदार्थ सोड्याने, यीस्टने किंवा फेटून भरलेल्या हवेने फुगत नाही, तो वाफेने फुगतो.

पाण्याची वाफ झाली की तिला मूळ पाण्याच्या सुमारे सोळाशे पट जागा लागते. आपले पीठ निम्म्याहून अधिक पाणीच असते, कारण दुधातही पाणी आहे आणि अंड्यातही. तापलेल्या साच्यात पीठ पडताच तळाशी आणि कडेला वाफ तयार होऊ लागते आणि ती पिठाला वर व बाहेर ढकलते. या वाफेला अडवून धरणारी एक लवचीक पिशवी हवी, जी आधी ताणली जाईल आणि मग त्याच आकारात घट्ट होईल. ताण मैद्यातील ग्लुटेनमुळे येतो, आणि घट्टपणा मुख्यतः अंड्यातील प्रथिने गोठल्यामुळे व स्टार्च शिजल्यामुळे येतो. बेकिंग पावडर घातली तर पिठात सगळीकडे बारीक बुडबुडे होतात, भिंतीला असंख्य भोके पडतात, वाफ त्यांतून निसटते आणि पोकळ द्रोणाऐवजी स्पंजासारखा लगदा मिळतो. माझ्या पहिल्या दोन वर्षांच्या चकत्यांचे कारण हेच होते.

हे एकदा समजले की प्रमाण ठरवणे सोपे जाते. येथील घराघरांत जुना नियम आहे तो सारख्या मापाचा: एका पेल्यात अंडी फोडावीत, ती जिथपर्यंत येतील तेवढाच मैदा आणि तेवढेच दूध घ्यावे. मी वजनाने जाते. बारा खळग्यांच्या मफिन ट्रेसाठी टरफल काढलेली अंडी २०० ग्रॅम, दूध २०० मिलिलिटर, साधा मैदा १४० ग्रॅम आणि मीठ अर्धा चहाचा चमचा. अंडी कमी केली तर पीठ फुगते पण उभे राहत नाही. दूध वाढवले तर पुडिंग मऊ होते आणि तळाशी ओले राहते. कुरकुरीतपणा अधिक हवा असेल तर दुधातले ५० मिलिलिटर काढून तेवढे पाणी घालावे. दुधातील स्निग्धांशाने पुडिंगला मऊपणा येतो आणि त्यातील साखरेने व प्रथिनांनी रंग लवकर चढतो, म्हणून पाण्याचा थोडा वाटा भिंत कोरडी आणि पातळ करतो. मी पूर्ण पाण्यावरही करून पाहिले आहे. ते कडक झाले, पण चवीला अगदीच ओकेबोके लागले, म्हणून दूध पूर्ण काढू नये असे माझे मत आहे.

मैद्यात खळगा करून आधी अंडी घालावीत आणि एकजीव घट्टसर पीठ करावे, मगच दूध थोडे थोडे ओतत ते सैल करावे. सगळे दूध एकदम ओतले तर मैद्याच्या गुठळ्या पातळ द्रवात पोहत राहतात आणि त्या मोडायला काहीच आधार मिळत नाही. शेवटी पीठ पळीवाढे असावे, पण आंबोळीच्या पिठापेक्षा पातळ: पळी उचलली तर तिच्या पाठीवर साईसारखा पातळ थर राहावा आणि धार न तुटता पडावी.

नंतर पीठ मुरू द्यावे. निदान अर्धा तास, शक्य असेल तर रात्रभर. या वेळात स्टार्चचे कण पाणी पितात, पीठ किंचित दाट होते, फेटताना ताणलेले ग्लुटेन सैलावते आणि वरचा फेस विरतो. मुरलेल्या पिठाची पुडिंगे अधिक उंच होतात आणि त्यांना एक खमंग, पक्व चव येते. मराठी घरातून आलेल्या प्रत्येकाला येथे एक सूचना आवर्जून द्यावीशी वाटते. रात्रभर ठेवणे म्हणजे आंबवणे नव्हे. आंबोळीचे पीठ आपण उबेला ठेवतो, कारण तिथे आंबण्यातूनच जाळी मिळते. या पिठात कच्ची अंडी आणि दूध आहे, त्यामुळे ते झाकून फ्रिजमध्येच ठेवायला हवे. सकाळी ते थोडे करडे दिसते आणि वर पाणी सुटते, पण एवढ्यावरून ते बिघडले असे समजू नये. ढवळले की सारखे होते.

आता तेल. ओव्हन २२० ते २३० अंशांवर नीट तापू द्यावा. प्रत्येक खळग्यात चहाचा एक चमचा तेल घालून रिकामा ट्रे दहा मिनिटे आत ठेवावा, तेलावर धुराची पहिली रेघ दिसेपर्यंत. पीठ चोचीच्या भांड्यात काढून तयार ठेवावे, कारण ट्रे बाहेर आल्यावर एकेक क्षण मोलाचा असतो. पहिली धार पडली की ‘चर्र’ असा आवाज यायलाच हवा. नीट पाहिले तर पिठाच्या कडेला लगेच एक पांढरी, सुरकुतलेली किनार उमटते आणि तेल तिच्या भोवती वर येते. ही किनार म्हणजे गोठू लागलेली भिंत. ती तेलावरून घसरत वर चढते, मधला भाग मात्र उशिरा शिजतो आणि मागे राहतो, म्हणूनच मध्ये खोलगट होते. आवाज आला नाही तर ओतणे थांबवून ट्रे पुन्हा आत ठेवावा. खळगे अर्ध्यापेक्षा कमीच भरावेत, ट्रे आत सरकवावा आणि पुढची वीस मिनिटे ओव्हनचे दार उघडू नये. एकूण वीस ते पंचवीस मिनिटे लागतात.

थोडे इतिहासाविषयी, कारण पिठाचे आणि चरबीचे नाते तिथेच दिसते. १७३७ साली छापलेल्या एका इंग्रजी पुस्तकात ‘ड्रिपिंग पुडिंग’ या नावाने अशी कृती आढळते, आणि १७४७ साली हॅना ग्लास यांच्या पाकपुस्तकात ती ‘यॉर्कशर पुडिंग’ या नावाने येते. तेव्हा मांस सळईवर, आगीसमोर फिरवत भाजत असत आणि खाली ठिबकणारी चरबी वाया जाऊ नये म्हणून पिठाचे पसरट भांडे त्या धारेखाली ठेवत. म्हणजे ते पुडिंग आजच्यासारखे उंच द्रोण नव्हते, तर चरबीत भिजलेला चौकोनी किंवा गोल थर होता आणि त्याचे तुकडे कापून वाढत. यॉर्कशरमध्ये ते मांसाच्या आधी, ग्रेव्हीबरोबर वाढण्याची रीत होती, म्हणजे पोट आधी थोडे भरे आणि महागडे मांस सगळ्यांना पुरे. उंचीचा आग्रह अलीकडचा. २००८ साली तर रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्री या संस्थेने चार इंचांपेक्षा कमी उंचीच्या पुडिंगला यॉर्कशर पुडिंग म्हणता येणार नाही, असे जाहीर केले होते.

आपले अनुभव, अडचणी आणि वेगळी प्रमाणे कृपया येथे लिहावीत.

---

सोनकेळ

वाफाराताई, लेख अतिशय उपयुक्त आहे. मी पुण्यात राहते आणि माझ्याकडे २८ लिटरचा ओटीजी आहे. गेल्या महिन्यात मी चार अंडी, २०० मिलिलिटर दूध आणि १४० ग्रॅम मैदा असेच प्रमाण घेऊन पुडिंगे केली होती. ओव्हनच्या काचेतून पाहिले तेव्हा ती सुरेख वर आली होती, परंतु बाहेर काढल्यावर दोन मिनिटांत सगळी खाली बसली आणि आतून चिकट निघाली. पीठही मला डोशाच्या पिठाइतके दाट वाटले होते. तेल तापलेले होते, आवाजही आला होता. मग चूक कोठे झाली असावी?

---

तराजू

सोनकेळ यांच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर अंड्यांत आहे असे मला वाटते. ब्रिटनमध्ये मध्यम आकाराचे अंडे टरफलासह ५३ ते ६३ ग्रॅम आणि मोठे ६३ ते ७३ ग्रॅम असते. आपल्याकडे कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणारे अंडे बरेचदा ४५ ते ५० ग्रॅमच भरते, आणि त्यातून टरफलाचा साधारण दहावा भाग वजा जातो. म्हणजे ब्रिटिश कृतीतील ‘चार अंडी’ २०० ग्रॅमच्या आसपास असतात आणि आपली चार अंडी १६० ते १८० ग्रॅम. ही तूट एका अंड्याच्या जवळ जाते, आणि ती नेमकी भिंत उभी करणाऱ्या जिनसात पडते. पीठ दाट का वाटले तेही यातूनच कळते. अशा वेळी पाच अंडी फोडून, हलकेच फेटून, त्यातून २०० ग्रॅम मोजून घ्यावीत.

याच कारणाने सारख्या मापाच्या पेल्याचा नियम मला जास्त विश्वासाचा वाटतो, कारण त्यात अंडी लहान असली की दूध आणि मैदाही आपोआप कमी होतो. त्याची एकच कमजोरी आहे, ती मैदा भरण्याची. मी घरच्या २०० मिलिलिटरच्या पेल्याने मोजून पाहिले, तर चमच्याने अलगद भरलेला मैदा १०५ ग्रॅम आणि पिशवीत पेला खुपसून दाबून भरलेला १३५ ग्रॅम भरला. म्हणून अंडी आणि दूध पेल्याने घेतले तरी चालेल, मैदा मात्र काट्यावरच घ्यावा: अंड्यांच्या वजनाच्या सुमारे दोन तृतीयांश.

---

वाफारा

तराजू यांनी अंड्यांचे गणित मांडले ते फार बरे झाले. चौदा वर्षे इथलीच अंडी वापरत असल्यामुळे हा फरक माझ्या डोळ्यांसमोरून निसटला असता.

सोनकेळ, उरलेले निम्मे उत्तर भाजण्याच्या वेळेत आहे. पुडिंग वर आले आणि तपकिरी झाले म्हणजे ते झाले असे नसते. आतली वाफ थंड झाली की तिचे पुन्हा पाणी होते, पोकळीतला दाब जातो, आणि तेव्हा भिंत स्वतःच्या बळावर उभी राहायला हवी. ती आतून ओली असेल तर दुमडतेच. ओटीजीत वरचा तापलेला दांडा पुडिंगच्या माथ्याच्या अगदी जवळ येत असल्यामुळे वरून रंग लवकर चढतो आणि आपली फसगत होते. ट्रे सर्वांत खालच्या कप्प्यावर ठेवा, शक्य असेल तर वीस मिनिटांनंतर वरचा दांडा बंद करून फक्त खालच्यावर आणखी पाच ते सात मिनिटे भाजा. शेवटी प्रत्येक पुडिंगला सुरीच्या टोकाने एक छिद्र पाडा, ओव्हन बंद करा आणि दार किंचित किलकिले ठेवून पाच मिनिटे आतच राहू द्या. अडकलेली वाफ त्या छिद्रातून निघून जाते आणि भिंत सुकते.

लहान ओव्हनबाबत आणखी एक गोष्ट. त्यात उष्णता धरणारे लोखंड आणि विटा काहीच नसतात, त्यामुळे दार उघडले की तापमान झपाट्याने उतरते. ओतण्याच्या आधी तो २५० वर तापवा आणि ट्रे आत गेल्यावर २२० वर आणा.

---

निखारा

मी सहा वर्षे यॉर्कशरमधील एका पबच्या स्वयंपाकघरात काम केले आहे. रविवारच्या एका दुपारी आम्हाला अडीचशेच्या आसपास पुडिंगे लागत. तिथे पीठ नेहमी शनिवारी रात्री होई. अंडी मोजण्याऐवजी सोललेल्या अंड्यांचा द्रव लिटरने मोजत, त्याला तेवढेच दूध, आणि प्रत्येक लिटर अंड्यामागे ७०० ग्रॅम मैदा. हे वाफारा यांच्या प्रमाणाशी तंतोतंत जुळते हे पाहून मला समाधान वाटले. पीठ बारीक जाळीच्या गाळणीतून गाळून घेतल्याशिवाय फ्रिजमध्ये ठेवू देत नसत, आणि मी तीच सवय घरी ठेवली आहे, कारण गाळणीत गुठळ्यांबरोबर अंड्यातील पांढऱ्या दोऱ्याही अडकतात.

एका मुद्द्यावर मात्र माझा अनुभव पुष्कळांच्या सांगण्यापेक्षा वेगळा आहे. पीठ बर्फासारखे थंड असतानाच ओतावे, म्हणजे तेलाशी तफावत वाढते आणि पुडिंग अधिक फुगते, असे अनेक जण आग्रहाने सांगतात. आमच्या मोठ्या ओव्हनमध्ये, जाड पत्र्याच्या ट्रेवर थंड पीठ चालून जाई. घरी आल्यावर पातळ ट्रेवर तेच केले तेव्हा तेल लगेच निवले, किनार उशिरा धरली आणि खोलगट भाग जाड, पोळीसारखा राहिला. आता मी पीठ ओतण्याच्या तासभर आधी बाहेर काढतो आणि तळापासून ढवळतो, कारण रात्रीतून मैदा खाली बसलेला असतो. हे ढवळणे विसरले तर पहिली सहा पुडिंगे पातळ पिठाची आणि शेवटची सहा गोळ्यासारख्या पिठाची होतात. ही चूक मी माझ्या पहिल्याच रविवारी केली होती, आणि त्या दिवशी साठ पुडिंगे टाकावी लागली. त्याचे वाईट मला अजून वाटते.

फेटण्याविषयीही लिहितो. मिक्सरवर दहा मिनिटे फेटून हवा भरण्याचा काहीही उपयोग नाही. ती हवा मुरताना निघून जाते. गुठळ्या मोडल्या की थांबावे.

---

जाईजुई

आमच्या घरी बीफ चालत नाही आणि येथे कार्डिफमध्ये बहुतेक सगळे जण ‘ड्रिपिंगशिवाय चव नाही’ असे सांगतात. साजूक तूप चालेल का? दुसरे असे की माझ्या सासूबाई अंडी खात नाहीत. त्यांच्यासाठी बिनअंड्याचे पुडिंग करता येईल का?

---

वाफारा

जाईजुई, ड्रिपिंग म्हणजे गोमांस भाजताना सुटलेली चरबी, आणि तिची चव वेगळी असते हे खरेच आहे. परंतु पुडिंग फुगण्याशी त्या चवीचा संबंध नाही. त्यासाठी एवढेच हवे की चरबी २२० अंशांच्या आसपास जळून कडू होऊ नये. रिफाइंड सूर्यफूल तेल त्या कसोटीला उतरते आणि मी स्वतः वर्षभर तेच वापरते. साजूक तूपही उत्तम, कारण त्यातील पाणी आणि दुधाचा अंश कढवताना निघून गेलेला असतो. मात्र ते चांगले कढवलेले आणि गाळलेले हवे. बेरी राहिलेली असेल तर तिचे काळे ठिपके पुडिंगच्या तळाला चिकटतात. लोणी वापरू नये, ते या तापमानाला करपते. एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह तेलही नको.

बिनअंड्याच्या पुडिंगाबद्दल मी प्रामाणिकपणे सांगते. छोल्यांचे शिजवलेले पाणी, बेकिंग पावडर आणि सोया दूध वापरून मी तीनदा प्रयत्न केला. मिळाले ते खाण्याजोगे, कुरकुरीत कडेचे, पण भरीव वडे होते, पोकळ द्रोण नव्हे. या पिठात वाफ धरण्याचे काम अंडे करते, आणि ते काढले की पदार्थच बदलतो. सासूबाईंसाठी त्याच तापलेल्या तुपात भाजलेले बटाटे करावेत असे मी सुचवेन. ते त्या जेवणाचाच भाग आहेत आणि त्यात कसलीही तडजोड नाही.

---

उंबरठा

याच पिठाचा ‘टोड इन द होल’ हा प्रकार माझ्या मुलांना फार आवडतो, म्हणजे पिठात अर्धवट बुडालेले सॉसेज आणि भोवती फुगलेले पुडिंग. कडा छान होतात, पण सॉसेजच्या खालचे पीठ दर वेळी कच्चे राहते. मी काचेचे भांडे वापरते.

---

निखारा

उंबरठा, काचेचे भांडे आधी बदला. काच हळू तापते, त्यामुळे तळाला तो पहिला चटका बसतच नाही. शिवाय धुरावलेल्या तेलाच्या काचेत गार पीठ ओतणे धोक्याचे आहे, ती तडकू शकते. पत्र्याचा किंवा बिडाचा पसरट ट्रे घ्या. सॉसेज त्याच ट्रेमध्ये आधी पंधरा ते वीस मिनिटे भाजा, म्हणजे त्यांचे सुटणारे पाणी आधीच आटेल, आणि नंतर त्यांच्यामध्ये निदान दोन बोटे अंतर ठेवून पीठ ओता. सॉसेज एकमेकांना खेटून असतील तर मधल्या पिठाला तापलेला पत्रा मिळत नाही. पिठाचा थर दीड सेंटिमीटरपेक्षा जाड नको. शाकाहारी सॉसेज असतील तर त्यांतून चरबी सुटत नाही, त्यामुळे ट्रेमध्ये तीन मोठे चमचे तेल वेगळे घालावे लागते. वेळ तीस ते पस्तीस मिनिटे.

या प्रकाराची परंपराही जुनी आहे. हॅना ग्लास यांच्याच पुस्तकात सॉसेजऐवजी कबुतरे पिठात घालून भाजण्याची ‘पिजन्स इन अ होल’ नावाची कृती आहे.

---

हिमफूल

मी अमेरिकेत, बॉस्टनजवळ राहते. येथे याच कुळातले ‘पॉपओव्हर’ करतात. फरक असा की चरबी साच्यात कमी आणि पिठात जास्त असते: दोन मोठे चमचे वितळलेले लोणी थेट पिठात मिसळतात. साचा खोल आणि अरुंद असतो, त्यामुळे पिठाला बाजूला पसरायला जागा नसते आणि ते वर चढून टोपीसारखे बाहेर उलटते. द्रोण न होता पोकळ फुगा होतो. माझा अनुभव असा आहे की पिठाचे प्रमाण वाफारा यांनी दिले आहे तेच ठेवावे, फक्त मैदा थोडा कमी करावा.

दुसरे भावंड म्हणजे ‘डच बेबी’, जे सिअ‍ॅटलच्या मॅन्काज कॅफेने प्रसिद्ध केले असे मानतात. बिडाच्या मोठ्या तव्यात लोणी वितळवून त्यात तीन अंडी, अर्धा कप दूध आणि अर्धा कप मैदा यांचे पीठ ओततात आणि वर लिंबाचा रस व पिठीसाखर घालून खातात. येथे लोणी चालते, कारण ते ओव्हनमध्ये दहा मिनिटे रिकामे तापत नाही. तवा आधी तापवायचा, लोणी शेवटी टाकायचे आणि त्याचा फेस ओसरताच पीठ ओतायचे. पिठातच साखर घालण्याचा मोह होतो, पण ती एका चहाच्या चमच्यावर जाऊ देऊ नये. साखरेने अंड्यातील प्रथिने उशिरा गोठतात आणि पृष्ठभाग मात्र लवकर काळवंडतो, म्हणजे दोन्ही बाजूंनी नुकसान.

---

तराजू

हिमफूल यांच्या शेवटच्या वाक्याला जोडून लिहितो. फ्रान्सच्या लिमुझँ भागातील चेरी घातलेला ‘क्लाफूती’ हाही अंडी, दूध आणि मैदा यांचाच, पण तिथे साखर भरपूर आणि मैद्याच्या मानाने दूध पुष्कळ जास्त असते, ओव्हन १८० अंशांच्या आसपास असतो आणि तेल तापवण्याची भानगड नसते. तो फुगावा अशी अपेक्षाच नाही, तो कस्टर्डसारखा थरथरता हवा. म्हणून ‘सगळी पिठे सारखीच’ असे मानून यॉर्कशरचे उरलेले पीठ फळांवर ओतू नये. मी ओतले होते, आणि आलुबुखाराच्या फोडींवर रबरासारखा थर आला.

---

सोनकेळ

काल पुन्हा प्रयत्न केला. पाच अंडी फोडून २०० ग्रॅम मोजून घेतली, १५० मिलिलिटर दूध आणि ५० मिलिलिटर पाणी, १४० ग्रॅम मैदा. पीठ रात्रभर फ्रिजमध्ये ठेवले, गाळले, तासभर बाहेर ठेवून तळापासून ढवळले. माझ्या ओटीजीत सहा खळग्यांचाच ट्रे मावतो, त्यामुळे दोन घाण्यांत केली. पहिल्या घाण्यात साडेतीन इंच उंची मिळाली. दुसऱ्या वेळी घाईत तेल पाचच मिनिटे तापवले, आवाज अगदी मंद आला, तरीही मी ओतले, आणि ती सहा दोन इंचांवरच थांबली. पीठ तेच, मैदा तोच, ओव्हन तोच, फक्त तेलाचा फरक. बारीक छिद्र पाडून आत ठेवल्यामुळे एकही पुडिंग बसले नाही. वडिलांनी ग्रेव्हीऐवजी घट्ट आमटी ओतून खाल्ले आणि त्यांना ते आवडले.

पाच पुडिंगे उरली आहेत. ती कशी ठेवावीत?

---

वाफारा

साडेतीन इंच ओटीजीत मिळाली याचा मला फार आनंद झाला. दुसऱ्या घाण्याची तुलना तर प्रत्येकाने वाचावी अशी आहे.

उरलेली पुडिंगे पूर्ण निवू द्या, मग हवाबंद डब्यात घालून फ्रीझरमध्ये ठेवा. महिनाभर चांगली राहतात. खायच्या वेळी बाहेर काढून ठेवू नका, गोठलेली असतानाच २०० अंशांवर चार ते पाच मिनिटे गरम करा. मायक्रोवेव्हमध्ये ती कातड्यासारखी चिवट होतात. येथे उरलेल्या पुडिंगवर गोल्डन सिरप किंवा जॅम घालून ते गोड म्हणूनही खातात. तुमच्याकडे काकवी असेल तर ती गरम करून मधल्या खळग्यात ओतून पाहा, आणि कसे लागले ते इथे कळवा.